रोग्याचे गुपित आणि सावकाराची वही

रोगी वैद्यापुढे जे बोलतो ते पुष्कळदा घरच्या माणसांपुढेही बोलत नाही. वैद्याने ते पोटात ठेवावे, हा त्या व्यवसायाचा फार जुना दंडक आहे. परंतु आजच्या रोग्याचे निदान वैद्यापाशीच राहत नाही; बिलाबरोबर ते विमा कंपनीच्या दप्तरात जाते. तेथून ते कर्ज देणाऱ्याच्या हाती पडले तर काय होईल? हा प्रश्न अमेरिकेत कसा उभा राहिला व कायद्याने त्याचे काय उत्तर दिले, ते आपण पाहू.

त्या देशात बँक, विमा आणि रोख्यांचा व्यापार यांच्यामध्ये कायद्याच्या भिंती होत्या. 1999 च्या ग्राम-लीच-ब्लायली कायद्याने त्या बहुतांशी पाडल्या आणि तिन्ही धंदे एका समूहात नांदू लागले. एका खोलीत विमेदाराचा रोग लिहिलेला, शेजारच्या खोलीत त्याचाच कर्जाचा अर्ज! समूहातल्या समूहात माहिती फिरण्यास त्या कायद्याने अटकाव केला नाही. 1996 च्या आरोग्यविमा कायद्याखालील गोपनीयतेचे नियमही डॉक्टर, रुग्णालये व आरोग्यविमा कंपन्या यांना बांधणारे, सावकाराला नव्हेत.

ही उणीव ओळखून 2000 साली लीच यांनीच नवे विधेयक मांडले. आरोग्याची माहिती दुसऱ्यास देण्यापूर्वी वित्तसंस्थेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असा त्याचा रोख होता. ते कायद्यात उतरले नाही. पण संमती एवढेच संरक्षण पुरेसे आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी कर्ज मागणाऱ्याची स्थिती असते. त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदावर तो सही करणारच. अशा सहीला संमती म्हणणे हे शब्दाशी खेळणे होय.

म्हणून डिसेंबर 2003 मध्ये झालेल्या पतव्यवहारविषयक कायद्याने मूळ नियमच बंदीचा केला. कर्ज द्यावे की नाही हे ठरवताना धनकोने वैद्यकीय माहिती मिळवू नये व वापरू नये, असे त्याने सांगितले. पतअहवालात देणे दाखवताना रुग्णालयाचे नाव सांकेतिक ठेवावे, असेही ठरले. कारण कर्करोगाच्या रुग्णालयाचे नाव वाचले की निदान निराळे विचारावे लागत नाही.

येथे एक शंका येईल. रुग्णालयाचे देणे थकले असेल, तर तेही धनकोने पाहू नये काय? नियमांनी येथे व्यवहारी तोड काढली. देण्याची रक्कम व परतफेड पाहता येते. मात्र ते इतर देण्यांहून अधिक कडकपणे मोजता येत नाही, आणि रोग कोणता, तो बरा होईल काय, हे विचारात घेता येत नाही. अपंगत्वाचे वेतन उत्पन्न म्हणून धरता येते. अपंगत्व दोष म्हणून धरता येत नाही. ‘फेडशील का?’ हा धनकोचा प्रश्न, ‘जगशील किती?’ हा नव्हे.

वाद अजून मिटलेला नाही. वैद्यकीय देणी पतअहवालातून अजिबात काढावीत, असा नियम तेथील ग्राहक-संरक्षण कार्यालयाने जानेवारी 2025 मध्ये केला. कार्यालयाने अधिकाराबाहेर पाऊल टाकले, असे ठरवून टेक्सासच्या संघीय न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला. 2003 ची बंदी मात्र कायम आहे.

या सर्वांतून एकच गोष्ट ध्यानी घ्यावयाची. गुपित राखणे म्हणजे माहिती कुलुपात ठेवणे नव्हे. ज्या कामासाठी ती दिली, त्याच कामी ती लागावी, एवढेच. हा भरवसा गेला, तर रोगी कर्जाच्या भीतीने वैद्यापासूनच दुखणे लपवू लागेल, आणि मग नुकसान पैशापुरते राहणार नाही.