पाणी शुद्ध करायला मशीनच लागते असे नाही

जूनमध्ये शाळा उघडते, पहिला पाऊस पडतो आणि आमच्या वर्गात जुलाब-उलटीच्या चिठ्ठ्या यायला लागतात. बारामती-इंदापूर भागात कुठे नीरा डाव्या कालव्याचे पाणी, कुठे विहीर-बोअरचे, तर भीमाकाठी उजनीच्या फुगवट्याचे. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नदीवाटे येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला परवडते तो आरओ बसवतो, बाकीचे जार आणतात. जारचे पाणी थंड असते, पण थंड म्हणजे शुद्ध नव्हे.

उकळणे हा खात्रीचा इलाज. मात्र हिशेब केला तर रोज 20 लिटर पाणी उकळायला साधारण पाव किलो गॅस जातो. म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर दोन महिन्यांच्या आत नुसत्या पाण्यावर संपला!

अशा वेळी शेजारच्या फलटणचे काम उपयोगी पडते. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'त, डॉ. अनिल राजवंशी (पद्मश्री, 2022) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौर जलशुद्धीकरणाचे साधे यंत्र तयार केले. सुती साडीच्या चार पदरांतून पाणी गाळायचे आणि सौर नळ्यांत भरून उन्हात तापवायचे, बस्स. 60 अंशांवर 15 मिनिटे किंवा 45 अंशांवर 3 तास पाणी राहिले तरी कोलिफॉर्म जंतू मरतात, असे संस्थेच्या चाचण्यांत दिसले. कोलिफॉर्म म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण. थोडक्यात, 100 अंश गाठायची गरजच नाही. नळीला दोन काचा असतात आणि मधली हवा काढलेली असते, त्यामुळे थर्मासप्रमाणे उष्णता आतच राहते. वीज लागत नाही आणि आरओसारखे पाणी वायाही जात नाही.

साडीचे ऐकून हसू येईल, पण बांगलादेशात मतलब भागातल्या 65 गावांत हा प्रयोग झाला. 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष आले : जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुवून धुवून धागे फुगतात आणि छिद्रे बारीक होतात. नायलॉनची ओढणी चालणार नाही. सुटे जंतू मात्र कापडातून निसटतात, म्हणून गाळून थांबू नये.

नळ्या घेणे प्रत्येकाला जमेल असे नाही. कारखान्याच्या हंगामात कोपीत राहणारी ऊसतोड कुटुंबे तर आज इथे, उद्या तिथे. त्यांच्यासाठी रंग नसलेली प्लास्टिकची बाटली, 2 लिटरपर्यंतची. गाळलेले पाणी भरून ती कडक उन्हात 6 तास आडवी ठेवायची, ढगाळ असेल तर सलग 2 दिवस. झडीच्या पावसात हा उपाय नको. बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवून वरून पाहा. मथळा वाचता आला तर पाणी पुरेसे नितळ आहे. उन्हाने जंतू मारण्याची ही कल्पना बैरूतच्या आफ्तिम आक्रा यांनी 1980 च्या सुमारास मांडली.

आता खरे तेही सांगायला हवे. ऊन किंवा उकळण्याने क्षार जात नाहीत, रासायनिक खतांतून आलेले नायट्रेटही जात नाही. इंदापूरकडच्या मचूळ बोअरला हे उपाय पुरणार नाहीत. तिथे आरओ किंवा दुसरा स्रोतच पाहिजे. तान्ह्या बाळाला नायट्रेटचे पाणी उकळून पाजणे तर धोक्याचे, कारण आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते.

शुद्ध केलेले पाणी झाकलेल्या भांड्यात ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या. माठात हात बुडाला की सगळी मेहनत वाया. आणि गावच्या टाकीत टीसीएल पडते की नाही, हे जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून पाहता येते. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.