हॉट रॉडचे साल कोणते?

विंटेज रॅलींनी आपल्याकडे ‘विंटेज’ या शब्दाला एक सोवळेपण चिकटवले आहे. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी गाडी म्हणजे विंटेज. एक नट परका निघाला की परीक्षकाच्या भुवया वर. हॉट रॉडला हे सोवळे मुळातच मंजूर नाही. 1932 च्या फोर्डच्या सांगाड्यावर 1939 चे हायड्रॉलिक ब्रेक, 1940 चे स्टिअरिंग व्हील, 1946 चे इंजिन आणि 1950 च्या पॉन्टिअ‍ॅकचे मागचे दिवे अशी ही गाडी. तिला ‘मूळ रूप’ नावाची गोष्टच नाही. यावरून मॉडेल बांधणाऱ्यांपैकी बऱ्याच मंडळींनी एक सोयीस्कर निष्कर्ष काढला आहे : ज्याला मूळ रूप नाही त्याला नियमही नाही, तेव्हा हवे ते जोडा आणि वर गंज फासा, किंवा आरसा होईपर्यंत पॉलिश करा. हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. हॉट रॉडला मूळ रूप नसते, पण साल असते. तिच्यावरचा सर्वांत नवा भाग ज्या सालचा, ते तिचे साल. आणि त्या सालच्या अलीकडची एकही वस्तू तिच्यावर असता कामा नये. जुन्या धाटणीची हॉट रॉड म्हणवणाऱ्या मॉडेलची पहिली परीक्षा हीच. कारागिरी त्यानंतर.

हा नियम माझ्या मनाचा नाही, कॅलिफोर्नियातल्या भंगारवाल्यांनी घालून दिलेला आहे. म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांच्या खिशात पैसे नव्हते आणि दुकानात सुटे भाग नव्हते. 1937 साली या धावांच्या वेळा मोजणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली, तोवर फोर्डची व्ही-8 जेमतेम पाच वर्षांची होती. जे काही करायचे ते अपघातात सापडलेल्या, नुकत्याच भंगारात आलेल्या गाड्यांतून उचलून. आणि उचलता यायचे, कारण हेन्री फोर्ड हट्टी होता. आडव्या पाट्यांची स्प्रिंग त्याच्या गाड्यांखाली 1948 पर्यंत टिकली. इतर कंपन्या पुढे गेल्या तरी फोर्डची मूळ मांडणी बदलली नाही. त्यामुळे 1939 नंतरचे ब्रेक आणि गिअरबॉक्स सात वर्षे जुन्या गाडीवर फारशी खटपट न करता चढत. हॉट रॉडचे सगळे व्याकरण या एका हट्टातून आले. कुर्ल्यात जुन्या गाड्या फोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. कोणता भाग कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ‘बसतो’ हे त्याला तोंडपाठ असते. मग युद्ध संपले, सैन्यातून शिकून आलेले हात आले आणि सरकारी विक्रीत निघालेले विमानांचे सामान आले. बिल बर्कने 1946 साली लढाऊ विमानाच्या जादा इंधनटाकीलाच गाडीचे अंग केले. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले, 1949 मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक झाला. या दहा-बारा वर्षांत दर हंगामाला गाडीचे रूप बदलत गेले, कारण भंगारात येणारा माल बदलत गेला.

आता मॉडेलकडे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी रेव्हेल या मॉडेल-कंपनीने ‘हायवे पायोनिअर्स’ ही 1/32 मापाची जुन्या गाड्यांची मालिका काढली. गोड, पण बाळबोध. खरी गोष्ट सुरू होते ती डेट्रॉइटच्या एएमटीपासून. ही कंपनी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करत असे. 1958 पासून तिने ‘थ्री-इन-वन’ किट आणली : एकाच डब्यातून गाडी मूळ रूपात बांधा, कस्टम बांधा किंवा शर्यतीची बांधा. पाठोपाठ 1932 ची फोर्ड रोडस्टर आली आणि 1961 साली जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यातली ‘अला कार्ट’ आली, ओकलंडचा सर्वांत सुंदर रोडस्टरचा मान 1958 आणि 1959 असा लागोपाठ दोनदा मिळवलेली. या किटची महती सांगणारे डब्यावरच्या चित्रांबद्दल, साच्यांबद्दल बोलतात. माझ्या मते खरी महती दुसरीकडेच आहे. तीनपैकी एक गाडी बांधली की दोन गाड्यांचे सामान उरे. दहा किट बांधणाऱ्याच्या कपाटात आपोआप भंगाराचे एक दुकान उभे राही : जादा इंजिने, जादा चाके, तीन प्रकारचे बंपर, पत्ता नसलेले गिअरबॉक्स. म्हणजे 1948 साली लॉस एंजेलिसच्या पोरासमोर जी परिस्थिती होती, हुबेहूब तीच, पंचविसाव्या हिश्श्यात. लढाऊ विमानाचे मॉडेल करणारा विमान बनवत नाही, जहाजाचे करणारा जहाज बांधत नाही. ते चित्र काढतात म्हणा ना. हॉट रॉडचे मॉडेल करणारा मात्र मूळ माणसाने जे केले तेच करतो. अला कार्टच्या डब्यातली 1929 ची बॉडी काढायची, 1932 च्या सांगाड्यावर ठेवायची आणि कुठे अडते ते बघायचे. दोन्हींच्या चाकांमधल्या अंतरात अडीच इंचांचा फरक आहे, एकीत 103.5 आणि दुसरीत 106. मूळ मिस्त्रीला तो फरक जिरवावा लागला, मॉडेलवाल्यालाही जिरवावा लागतो.

इथे 1/25 या मापाची एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती लोकांच्या लक्षात येत नाही. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याला पंचवीसने भागले की उरतो एक मिलिमीटर, वर एक केस. मूळ गाडीवर इंच, तर मॉडेलवर मिलिमीटर. छप्पर तीन इंच कापले, इथे तीन मिलिमीटर कापा. स्ट्रॉमबर्ग 97 या कार्ब्युरेटरचे नावच त्याच्या 0.97 इंची गळ्यावरून पडले; मॉडेलमध्ये तो गळा एक मिलिमीटरचा. शाळेच्या पट्टीवर जुन्या मासिकातली मापे जशीच्या तशी उतरतात. 1/24 चा पुरस्कार करणाऱ्यांनी याला काही उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि इंजिन. फोर्डची फ्लॅटहेड व्ही-8 ही या छंदातली सर्वांत सुंदर वस्तू आहे, आणि सालाचा पुरावा म्हणूनही तिच्याइतकी बोलकी वस्तू दुसरी नाही. 1932 साली 221 घनइंच आणि 65 अश्वशक्ती घेऊन ती आली, अमेरिकेत 1953 पर्यंत टिकली, पण त्या एकवीस वर्षांत तिचा चेहरा अनेकदा बदलला. सुरुवातीची हेडे 21 स्टडची, पुढची 24 ची. वितरक, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, 1948 पर्यंत पुढच्या बाजूला खाली दबा धरून बसलेला. 1949 च्या इंजिनात तो उभा राहिला. पाण्याची नळी आधी हेडच्या मधून वर यायची, 1949 पासून पुढच्या टोकाशी गेली. हे सगळे बॉनेट नसलेल्या मॉडेलमध्ये हातभरावरून दिसते. एएमटीच्या 1949 च्या मर्क्युरीतले इंजिन उत्तम आहे, पण ते 1949 चेच आहे. ते उचलून ‘युद्धापूर्वीची तळ्यावरची गाडी’ अशी पाटी लावलेल्या रोडस्टरमध्ये बसवले की पाटी खोटी ठरते. असे सर्रास होते आणि त्याला बक्षिसे मिळतात. सिलिंडरच्या बाजूंतून बाहेर पडणारी एक्झॉस्टची तीन-तीन तोंडेच पाहा. व्ही-8 ला एका बाजूला चार सिलिंडर, मग तोंडे तीन का? मधल्या दोघांचा धूर एकाच वाटेने निघतो म्हणून. ती वाट ब्लॉकमधून जाते म्हणूनच हे इंजिन तापायचे. एवढे ठाऊक असलेला माणूस रेडिएटर नसलेली फ्लॅटहेड रस्त्याच्या गाडीत दाखवणार नाही. 1955 साली शेव्हर्लेची 265 घनइंची व्ही-8 आली आणि फ्लॅटहेडची सद्दी संपली. शेव्हर्ले बसवायला माझी हरकत नाही. फक्त मग बाकीची गाडीही 1955 नंतरची मानावी लागेल, एवढेच.

पुढचा काळ मी भरभर ओलांडतो. कस्टम गाड्या बनवणाऱ्या एड रॉथच्या ‘बीटनिक बँडिट’सारख्या गाड्या रेव्हेलने खपवल्या; त्या फायबरग्लासच्या शिल्पकृती आहेत, हॉट रॉड नव्हेत. मोनोग्राम या दुसऱ्या किट-कंपनीच्या ‘रेड बॅरन’मध्ये तर मॉडेल आधी आले आणि त्यावरून खरी गाडी मागून बनली, यापेक्षा उलटी गंगा कोणती? 1973 च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटातल्या पिवळ्या कूपेने जुन्या धाटणीला थोडे आयुष्य दिले. ऐंशीच्या दशकात गाड्यांना गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमची चाके आणि फिकट गुलाबी रंग आले, किटही तशाच निघाल्या. नव्वदीच्या उत्तरार्धात रेव्हेलने काढलेल्या 1932 च्या मालिकेची बॉडी मात्र अप्रतिम आहे; तिच्या कडांची तीक्ष्णता एएमटीला कधी साधली नव्हती. सुरुवातीच्या किटमध्ये खाली होते ते सगळे आधुनिक, तेव्हा पुन्हा आपला उरलेल्या सामानाचा डबा काढणे आले.

आता गंजाकडे वळतो. गेल्या वीसेक वर्षांत हॉट रॉडच्या मॉडेलला तांबेरा फासण्याची साथ आली आहे. मिठाचे दाणे, स्पंज, रंगपूड, सगळी आयुधे रणगाडेवाल्यांकडून उसनी. करणाऱ्यांचे कौशल्य मी नाकारत नाही, पण त्यांचा इतिहास चुकीचा आहे. 1948 साली 1932 ची फोर्ड सोळा वर्षांची होती आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत उभी होती. तिचा पत्रा सडलेला नव्हता. मासिकांतली तेव्हाची छायाचित्रे पाहा : काळ्या लॅकरचे चकचकीत दरवाजे, नीट शिवलेल्या सीटा. पैसे नसलेला मुलगा गाडी प्रायमरमध्ये ठेवायचा, पण तो अर्धवट राहिलेल्या कामाचा प्रायमर असायचा, अभिमानाने मिरवलेला गंज नव्हे. गंजकी गाडी ही पन्नास वर्षे गोठ्यात पडून मग सापडलेल्या गाडीची नक्कल आहे; म्हणजे तिचे साल 1948 नसून 2008 आहे. तळ्यावरची पांढुरकी धूळ चाकांच्या आत, सांगाड्याखाली हलकेच दाखवा, ती खरी आहे. यावर एक आक्षेप येतो : लहान मॉडेलवर नुसता चकचकीत रंग निर्जीव दिसतो. आक्षेप बरोबर आहे, उपाय चुकीचा. निर्जीवपणा येतो तो रंगाच्या जाडीने. मूळ गाडीवरचा थर मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास. त्याचा पंचविसावा हिस्सा कोणत्याच फवाऱ्याला जमत नाही. म्हणून दरवाजाच्या खाचा आधी किंचित खोल कराव्यात, थर पातळ द्यावेत आणि पाण्यात बुडवल्यासारखा दिसणारा आजचा टू-पॅक क्लिअर कोट टाळावा. नायट्रोसेल्युलोज लॅकर घासून चमकवलेला असे. त्याची चमक खोल असते, ओली नसते. किटमधल्या भागांवरचा क्रोमही असाच जास्तीचा. घरातल्या ब्लीचमध्ये तो उतरतो. क्रोम महाग होता, पोरे अ‍ॅल्युमिनियमची हेडे घासून चमकवत.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे. एवढ्याशा वस्तूत डिस्ट्रिब्यूटर उभा की आडवा हे कोण बघतो? सगळे बघत नाहीत, कबूल. पण गाडीची बैठक सगळे बघतात आणि बैठकही सालावरच ठरते. पुढे वाकवून खाली घेतलेला अ‍ॅक्सल आणि 5.50 चे टायर, मागे 7.00 किंवा 7.50 चे उंच, अरुंद टायर. गाडी नाक किंचित खाली धरून उभी. मागे रुंद, बसके टायर घातले की ती क्षणात तीस वर्षे पुढे जाते, मग इंजिन कितीही बरोबर असो. छपराचेही तेच. 1929 च्या फोर्डचे, म्हणजे मॉडेल-ए चे, खांब जवळजवळ सरळ, कापून खाली बसवले की बसले. 1934 च्या कूपेचे खांब तिरके, तिथे वरचा भाग खालच्याला भेटत नाही. छप्पर आडवे चिरून लांबवावे लागते किंवा पुढचा खांब अधिक झुकवावा लागतो. मिस्त्रीने यातले काय केले ते जाणून न घेता करवत चालवणाऱ्याच्या मॉडेलमध्ये काचेच्या कडेला लांबीचा गोळा दिसतो. न जाणणाऱ्यालाही काहीतरी बिनसलेय हे कळते, फक्त नाव देता येत नाही.

तिसरे म्हणणे स्वातंत्र्याचे. हॉट रॉड म्हणजेच बंडखोरी, तिला सालाची बेडी का? कारण ती बंडखोरी मिळेल त्या मालाशी केलेली झटापट होती. हव्या त्या गोष्टीचे चित्र संगणकावर उतरवून थ्रीडी प्रिंटरमधून आठ तासांत काढणाऱ्याची झटापट कशाशी? एक मिलिमीटर गळ्याचा कार्ब्युरेटर छापून घ्यायला मी विरोध करणार नाही, तो साच्यातून कधीच नीट निघाला नाही. पण अख्खे इंजिन, अख्खा सांगाडा, शेवटी अख्खी गाडी छापील असेल, तर निवड करण्याचे, अडण्याचे, वाट काढण्याचे कामच उरत नाही. त्यातच किट महाग झाल्या, भारतात टपालखर्च आणि जकात धरून तर फारच. 2018 साली रेव्हेलची मालक कंपनी हॉबिको दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेलचा अमेरिकेतला कारभार जर्मन रेव्हेलसह नव्या मालकांकडे गेला. जुने साचे अधूनमधून पुन्हा चालवले जातात. पण एका डब्यात तीन गाड्या देणारी उदार वृत्ती संपली ती संपलीच, आणि दिवाळीच्या साफसफाईत कपाटातले उरलेसुरले प्लॅस्टिक केराच्या टोपलीत जाते. ते टाकू नका, अदलाबदलीला ठेवा. आणि आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती : प्रवेशपत्रावर किटचे नाव, रंगाचा प्रकार, जादा लावलेल्या धातूच्या भागांची संख्या हे सगळे आपण विचारता, त्यात ‘गाडीचे साल’ असा एक रकाना वाढवा आणि परीक्षकांना पहिले गुण त्यावरच द्यायला सांगा.