आवृत्ती बदलली, नोंदी राहिल्या

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लसीकरणावर लिहावे, अशी अपेक्षा असते. यंदाचा विषय मात्र दवाखान्यातील संगणकाचा आहे. तरीही तो बालकांपासून फार दूर नाही.

माझ्या लॅपटॉपमध्ये १२ वर्षांच्या नोंदी आहेत : बाळांची वजने, लसींच्या तारखा आणि पालकांनी विश्वासाने सांगितलेल्या काही गोष्टी. एका स्नेह्याचा लॅपटॉप प्रवासात चोरीस गेला, तेव्हा मनात आले, आपला गेला तर? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाच्या गुप्ततेची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीचा वेगळा विचार केला आहे. यावर एक उपाय म्हणजे बिटलॉकर, अर्थात संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी सोय. परंतु माझ्याकडे ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ होती. आपल्याकडील अनेक लॅपटॉप याच आवृत्तीसह विकले जातात. काही यंत्रांत होममध्येही साधे एन्क्रिप्शन असते, पण बिटलॉकरची पूर्ण व्यवस्था होममध्ये नाही, प्रो आवृत्तीत मिळते.

दुरुस्तीकाराने एका वाक्यात निदान केले : ‘‘सगळे फॉरमॅट करावे लागेल.’’ हे निदान चुकीचे होते. नवजात बाळाच्या तीव्र काविळीत आपण रक्त बदलतो, बाळ नव्हे. तसेच काहीसे इथे होते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन येथे जाऊन प्रोची अधिकृत की भरावी अथवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ती विकत घ्यावी. संगणक पुन्हा सुरू झाला की आवृत्ती बदललेली असते. प्रोग्राम आणि फाइली जागच्या जागी राहतात. उलटा प्रवास मात्र तसा होत नाही. प्रोवरून होमकडे यायचे तर नव्याने इन्स्टॉल करावे लागते. अतिस्वस्त कीच्या मोहातही पडू नये. ती पुढे रद्द होऊ शकते.

खरा धक्का मला अपग्रेडने नव्हे, त्याच्या पूर्वतयारीने दिला. दर शनिवारी बॅकअप होतो, असा माझा ठाम समज होता. खात्रीसाठी ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली. उघडली खरी, पण शेवटची नोंद ८ महिन्यांपूर्वीची! मधल्या काळात नोंदींचे फोल्डर बदलले होते आणि बॅकअप इमानेइतबारे जुन्याच फोल्डरची प्रत काढत होता. दुरुस्तीकाराचे ऐकले असते, तर त्या ८ महिन्यांत जन्मलेल्या बाळांच्या पहिल्या लसींच्या नोंदी माझ्या हातांनी पुसल्या गेल्या असत्या. चूक त्याची नव्हती. न तपासलेल्या अहवालावर विसंबणारा मीच होतो.

नवा बॅकअप घेतला, उघडून पाहिला आणि मगच की भरली. त्यानंतर बिटलॉकर सुरू केले. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की छापून घरच्या कपाटात ठेवली आहे, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे. ती हरवली, तर चोराइतकाच मालकही बाहेर राहतो.

आवृत्ती बदलायची की नाही, हे आपण सावकाश ठरवावे. आज घरी परतल्यावर मात्र बॅकअपची एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि शेवटच्या नोंदीची तारीख पाहावी, एवढीच विनंती.