मोगऱ्याचा हंगाम आणि घरची ओंजळ

फाल्गुन मावळू लागला, म्हणजे वसई तालुक्यातील वाडीवाल्यांच्या घरी चार कामे एकदम दाराशी येऊन उभी राहतात. मोगरा भरास येऊ लागतो, विहिरीचे पाणी उतरू लागते, सुकेळी घालण्याजोगे कडक ऊन पडते, आणि मुलांच्या परीक्षाही नेमक्या याच दिवसांत येतात. अशा धांदलीत एखादे शेतकरी कुटुंब कसे राहते, कशात आनंद मानते आणि आपल्या कष्टांचा हिशेब कसा मांडते, हे पाहण्याच्या हेतूने आम्ही गिरीज येथे दोन दिवस मुक्काम केला. “आमची नावे छापू नका, काम काय ते लिहा,” असे घरच्या मंडळींनी सांगितल्यामुळे येथे नावे दिलेली नाहीत.

गिरीज हे गाव वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस, हिराडोंगरीच्या आसऱ्याने वसले आहे. डोंगरीवर दत्ताचे देऊळ असून, १७३९ साली वसईचा किल्ला सर करणाऱ्या मराठ्यांच्या मोहिमेशी ज्याचे नाव निगडित आहे तो वज्रगड याच ठिकाणचा. समुद्र येथून दूर नाही. गावात हिंदू व ख्रिस्ती घरे शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे होळी, पाडवा आणि ईस्टर हे सण एकामागून एक येतात व फराळाची ताटे कुंपणावरून इकडून तिकडे जातात. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. शहर वाढत वाढत वाड्यांच्या बांधाला येऊन भिडले आहे; तथापि केळी, पानवेली आणि फुलझाडे यांवर प्रपंच चालविणारी घरे अद्याप आहेत. त्यांपैकीच हे एक.

कुटुंब सात माणसांचे. आजोबा व आजी, वाडी पाहणारा थोरला मुलगा, त्याची पत्नी, मुंबईस कचेरीत नोकरी करणारा धाकटा मुलगा, दहावीची परीक्षा देणारी नात व चौथीतला नातू. वाडीत दहा गुंठे मोगरा, उरलेल्या जागेत केळी व थोडी पानवेल, आणि मध्यभागी एक बावखल.

पहाटे साडेचारला घर जागे होते. मोगऱ्याची कळी पुरती भरलेली, पांढरी, पण न उमललेली अशीच खुडावी लागते. ऊन वर आले आणि कळीचे तोंड सुटले, की बाजारात तिचा भाव उतरतो. म्हणून कपाळाला दिवा बांधून मंडळी ओळीओळीने पुढे सरकतात. बोलणे फारसे होत नाही. खुडण्याचा बारीक आवाज तेवढा ऐकू येतो. सातच्या सुमारास कळ्या ओल्या फडक्याने झाकून करंडीत भरल्या जातात. कचेरीस जाणारा धाकटा मुलगा तीच करंडी घेऊन गाडी पकडतो आणि दादरच्या फुलबाजारात ती उतरवून मग आपल्या कामास जातो. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. वाडी आणि बाजार यांना जोडणारा तो धागा आजही तसाच उपयोगी पडत आहे.

करंडी भरण्यापूर्वी मात्र या घरी एक नेम पाळला जातो. पहिली ओंजळ आजी बाजूला काढते. त्या कळ्या तराजूत जात नाहीत. त्यांतून सुनेचा व नातीचा गजरा होतो, दोन कळ्या पाण्याच्या माठात पडतात, आणि उरलेल्या शेजारच्या घरी जातात. एका वर्षी भाव फार चढला असता थोरल्या मुलाने सर्वच कळ्या करंडीत घालाव्यात असे सुचविले होते. आजीने उत्तर दिले, “लोकांच्या देवाला आणि लोकांच्या वेणीला आपण फुले पुरवतो, बाबा. आपल्या घराने काय वासाचेही धनी होऊ नये?” त्यानंतर हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

दुपारी अंगणात सुकेळीचे काम चालते. राजेळी केळी पिकवून, सोलून, एकेक करून उन्हात मांडतात. रोज उलथावी लागतात आणि दव लागू नये म्हणून तिन्हीसांजेस झाकावी लागतात. आठवडाभरात केळे आक्रसते, मधासारखा रंग धरते. मग ते केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधून ठेवतात. सुकेळी करणारी घरे आता थोडीच उरली आहेत. येथे कावळे हाकण्याचे काम नातवाकडे असते. मोडलेले सुकेळे राखणदाराचे, असा त्याच्याशी करार आहे. आणि आम्ही पाहिले त्या दिवशी मोडलेल्या सुकेळ्यांची संख्या जरा संशयास्पदच होती. आजोबांनी ती मोजली, हसले, आणि काही बोलले नाहीत.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, हे घर सुखाचे आगर आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी याच घरात वाडी ठेवावी की मोडावी, असा वाद उभा राहिला होता. सुनेची पाठ धरली होती, नातीच्या अभ्यासाला सकाळ उरत नव्हती, आणि बावखल बुजवून त्यावर भाड्याच्या खोल्या बांधाव्यात असे धाकट्या मुलाचे मत पडले होते. वडिलांनी त्यास रागे न भरता सांगितले, “आधी वर्षभर हिशेब लिही; मग बोलू.”

त्याने तो लिहिला, आणि आजवर कोणी लिहिले नव्हते तेही लिहिले. खत, औषध, गाडीभाडे यांच्या खाली त्याने ‘घरची मजुरी’ असा रकाना काढला. चार माणसे रोज अडीच तास कळ्या खुडत. म्हणजे दिवसाचे दहा तास आणि नव्वद दिवसांच्या भर हंगामात नऊशे तास. चौघांपैकी तिघी बायका. इतक्या तासांची मजुरी धरली असता मोगऱ्याचा नफा निम्म्याहून खाली आला. जे पीक सर्वांत फायद्याचे वाटत होते, ते घरच्या बायकांच्या झोपेवर उभे होते, हे त्या दिवशी कागदावर दिसले.

त्याच वहीने दुसरीही गोष्ट दाखविली. बावखल म्हणजे वाडीतले खोदीव गोड्या पाण्याचे तळे. पूर्वी त्यावर रहाट चालत. पावसाळ्यात ते भरते, पाणी जमिनीत मुरते, आणि त्याच्या जोरावर जवळची विहीर उन्हाळ्यात गोडी राखते. समुद्राजवळच्या गावी गोड्या पाण्याचा साठा आटला आणि उपसा वाढला, की मचूळ पाणी आत शिरण्यास वेळ लागत नाही. खोल्यांचे भाडे एका बाजूस आणि विहीर, केळी व पानवेल दुसऱ्या बाजूस, असे मांडल्यावर धाकट्याने स्वतःच आपला बेत मागे घेतला.

निर्णय साधा झाला. मोगरा वीस गुंठे होता तो दहावर आणला आणि मोकळ्या जागेत सोनचाफ्याची कलमे लावली. चाफ्याचे फूल मोठे असल्याने खुडण्यास वेळ कमी लागतो. उरलेल्या मोगऱ्यासाठी एक मजूर बाई ठेवली, आणि धाकटा मुलगा गाडीपूर्वी तासभर खुडू लागला. नातीला या कामातून पूर्ण सुट्टी मिळाली. पैसा थोडा कमी आला, ही गोष्ट कुटुंब लपवीत नाही. गेल्या वैशाखात सर्वांनी मिळून बावखलातील गाळ काढला व तो केळींच्या आळ्यांत घातला. त्या दिवशी शेजारची मुलेही चिखलात उतरली होती, आणि तो दिवस होळीपेक्षा रंगला, असे नातवाचे म्हणणे आहे.

आमच्या वाचकांस एवढीच विनंती आहे. आपल्या हिशेबाच्या वहीत यंदा दोन रकाने वाढवावेत : एक घरच्या माणसांच्या तासांचा, व दुसरा घरी ठेवलेल्या मालाचा. पहिल्याने कोणाच्या अंगावर किती भार आहे ते कळेल. दुसऱ्याने आपण स्वतःच्या कष्टांचे फळ चाखतो की नाही ते कळेल. गिरीजच्या या घरी दुसऱ्या रकान्यात रोज एकच नोंद असते : ‘मोगरा, एक ओंजळ.’ ज्यांनी असे हिशेब ठेवले असतील त्यांनी आपले अनुभव मासिकाकडे अवश्य कळवावेत.