परक्या भूमीतला कॅमेरा : बस्तर, १९५७

परदेशातून आलेला छायाचित्रकार किंवा चित्रपटकार काम संपवून निघून जातो, तेव्हा जिथे काम केले तिथे काय उरते? या टिपणात आपण एवढाच प्रश्न घेणार आहोत. मुख्य उदाहरण बस्तरचे आहे. तुलनेसाठी मुंबईचा एक स्टुडिओ आणि खुद्द भिलाईचा पोलाद कारखाना घेतला आहे. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असलात तरी हा प्रश्न तुमचा आहे. उद्या तुम्हीही परक्या मुलखात काम कराल. शिवाय प्रकल्पासाठी मोबाइल घेऊन बस्तर किंवा गडचिरोलीत जाणारे तर आजच पुष्कळ आहेत.

१. स्वीडनहून बस्तरला

अर्ने सुक्सडॉर्फ (१९१७–२००१) हे स्वीडनचे चित्रपटकार. स्टॉकहोम शहरावरच्या त्यांच्या लघुपटाला १९४९ साली ऑस्कर मिळाले होते. पुढे ते पत्नी आस्ट्रिड बर्गमन सुक्सडॉर्फ यांच्यासह बस्तरमध्ये आले. आस्ट्रिड स्वतः छायाचित्रकार होत्या. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बस्तर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. बस्तरच्या हलबी बोलीत आजही मराठीच्या खुणा सहज सापडतात.

नारायणपूरजवळच्या गढबेंगाल या गावात मुरिया गोंडांची वस्ती आहे. तिथला चेंद्रू नावाचा मुलगा सुक्सडॉर्फ यांच्या चित्रपटात मुख्य भूमिकेत आला. १९५७ साली पूर्ण झालेला हा चित्रपट इंग्रजीत ‘द फ्ल्यूट अँड द ॲरो’ या नावाने ओळखला जातो. संगीत पंडित रविशंकर यांचे आहे. १९५८ साली तो कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. आस्ट्रिड यांनी काढलेल्या छायाचित्रांचे, चेंद्रू आणि वाघाच्या पिल्लाच्या मैत्रीवरचे, मुलांसाठीचे पुस्तकही निघाले आणि त्याची भाषांतरे झाली. चेंद्रूला स्वीडनलाही नेण्यात आले. काही काळाने तो गावी परतला.

२. ‘खरे’ चित्र कसे तयार होते?

हा चित्रपट पाहणाऱ्याला वाटते की गावात जे घडत होते तेच टिपले आहे. तसे नाही. गावात बिबट्याची दहशत पसरते, ही रचलेली गोष्ट आहे आणि गावकऱ्यांनी त्यात भूमिका केल्या आहेत. त्यामागे तांत्रिक कारणेही होती.

त्या काळची रंगीत फिल्म आजच्या सेन्सरच्या मानाने फारच कमी संवेदनशील होती. साल-सागाच्या दाट सावलीत तिला पुरेसा उजेड मिळणे कठीण. त्यामुळे जागा, वेळ आणि सूर्याची दिशा आधी ठरवावी लागे. त्यातच हा चित्रपट ‘आगास्कोप’ या स्वीडिश रुंदपडदा पद्धतीने काढलेला आहे. या पद्धतीत विशेष भिंग प्रतिमा आडवी आक्रसून फिल्मवर उतरवते आणि पडदा दाखवणाऱ्या यंत्रावरचे भिंग ती पुन्हा ताणून मूळ रुंदीला आणते. असे भिंग जड असते आणि फोकस बिनचूक लागतो. रानातला प्राणी असल्या साधनासमोर ठरलेल्या जागी येऊन उभा राहत नाही. म्हणून प्रसंग रचावे लागतात, पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागतात.

म्हणजे चेंद्रू आणि त्याचे गावकरी नुसते ‘दिसले’ नाहीत, त्यांनी काम केले. पुढचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे.

३. कायदा कोणाला ओळखतो?

योगायोगाने आपला प्रताधिकार कायदाही १९५७चाच आहे. त्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती आणि चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. चित्रात जो दिसतो त्याचा या व्याख्यांत उल्लेख नाही. कलावंताचे हक्क आपल्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आले आणि २०१२च्या दुरुस्तीने ते वाढले. तेव्हा १९५७ साली कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या मुरिया मुलाला कायद्याने आपोआप काही मिळण्याजोगे नव्हते. जे मिळायचे ते करारातून किंवा करणाऱ्याच्या मर्जीतून.

चेंद्रूचे पुढचे आयुष्य गढबेंगालमध्येच गेले. उतारवयातली त्याची हलाखी वृत्तपत्रांनी वेळोवेळी छापली. १८ सप्टेंबर २०१३ रोजी त्याचे निधन झाले. त्याचे चित्र मात्र जगभर फिरत राहिले, आजही फिरते.

४. तुलना पहिली : मालाडचा स्टुडिओ

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार जोसेफ वीर्शिंग अशी जर्मन मंडळी तिथे नेमली होती. त्यांच्या हाताखाली भारतीय सहायक रोज काम करत. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने या जर्मनांना स्थानबद्ध केले. स्टुडिओ बंद पडला नाही. १९४३चा ‘किस्मत’ तिथेच तयार झाला, त्याचे छायाचित्रण आर. डी. परिंजा यांचे. वीर्शिंग युद्धानंतर पुन्हा कामाला लागले, ‘महल’ (१९४९) त्यांनीच चित्रित केला आणि ‘पाकिजा’चे काम चालू असताना १९६७ साली ते वारले. परदेशी माणूस एकाएकी उचलला गेला तरी त्याचे कौशल्य इथे राहिले होते, कारण सहायकांनी शिकणे हा त्या कामाचाच भाग होता.

५. तुलना दुसरी : भिलाई

बस्तरमध्ये कॅमेरा फिरत होता त्याच वर्षांत भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला करार २ फेब्रुवारी १९५५चा. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. इथेही परदेशी तज्ज्ञ आले, राहिले आणि परत गेले. पण आराखडे, यंत्रे आणि भारतीय अभियंत्यांचे सोव्हिएत संघातले प्रशिक्षण, हे सारे दोन सरकारांनी ठरवलेल्या योजनेचा भाग होते. भिलाईच्या पाठीशी सरकार होते. गढबेंगालच्या मुलाच्या वतीने वाटाघाट करायला कोण बसणार होते?

ही तुलना आज शिळी झालेली नाही. दल्लीराजहऱ्याच्या खाणींतले लोहखनिज संपत आले म्हणून भिलाईची नजर रावघाटकडे लागली आणि त्यासाठी लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आले. रावघाट चेंद्रूच्याच मुलखात येते. आता तिथे आपण जाणार आहोत आणि बाहेरचे आपणच आहोत.

६. कॅमेरा उचलण्यापूर्वी

तुमच्या प्रकल्पासाठी पुढील गोष्टी आधी लिहून काढा.

• परवानगी : चित्र कुठे दाखवले जाणार हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगितले का? मूल असेल तर आईवडिलांना विचारले का?
• मोबदला : तो एकदाच द्यायचा, की चित्र विकले गेल्यास त्यात वाटा? आकडा लिहा.
• श्रेय : माणसाला आपले नाव हवे असेल तर ते चित्राखाली यावे. ‘आदिवासी मुलगा’ हे नाव नव्हे.
• प्रामाणिकपणा : प्रसंग रचलेला असेल तर तसे नमूद करा.
• परतफेड : एक प्रत गावात पोचली पाहिजे. तिथे ती पाहण्याचे साधन नसेल तर कागदावर छापलेली न्या.
• शिकवणे : गावातल्या एखाद्याला सहायक म्हणून घ्या आणि कॅमेरा त्याच्या हातात द्या.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, कारण त्याला वेळ लागतो. मालाडला नेमका त्यानेच फरक पडला होता.

स्वाध्याय

१. आक्रसणाऱ्या भिंगाने प्रतिमा आडवी निम्मी होते असे धरा. फिल्मच्या चौकटीची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४:३ असेल, तर पडद्यावर ते किती होईल?
२. १९५७ साली चेंद्रूच्या वतीने तुम्ही करार लिहिणार असतात तर त्यात कोणती तीन कलमे घातली असती? प्रत्येकाचे कारण द्या.
३. तुमच्या मोबाइलमधले एखाद्या अनोळखी माणसाचे छायाचित्र निवडा. वरच्या सहा मुद्द्यांपैकी किती पाळले गेले ते तपासा.