प्रसिद्धी, विश्वासार्हता आणि गुन्हा : रॉक गायक इयान वॉटकिन्स याच्या उदयास्ताचा एक अभ्यास

प्रस्तावना

लोकप्रिय कलावंताच्या हातून घडलेल्या गुन्ह्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. यशामुळे माणूस बिघडतो काय, हा त्यातील एक प्रश्न. आणि अशा माणसाची कला आस्वादावी काय, हा दुसरा. या दोन्ही चर्चांत एक तिसरा प्रश्न मागे पडतो. गुन्हा घडत असताना भोवतालच्या संस्था काय करीत होत्या? वेल्समधील ‘लॉस्टप्रॉफेट्स’ या रॉक बँडचा गायक इयान वॉटकिन्स याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासनीय आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल त्याला २०१३ साली दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. परंतु त्याच्याविषयीची पहिली तक्रार २००८ सालीच झाली होती. मधल्या चार वर्षांत त्या तक्रारींचे काय झाले आणि तसे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गुन्ह्यांच्या तपशिलात शिरणे येथे हेतुतः टाळले आहे.

सामाजिक पार्श्वभूमी

वॉटकिन्सचा जन्म ३० जुलै १९७७ रोजी दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिल येथे झाला आणि त्याची जडणघडण पाँटिप्रिद या गावी झाली. टॅफ आणि ऱ्होंडा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव कोळसा खाणींच्या खोऱ्यांचे जणू प्रवेशद्वार होय. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या प्रदीर्घ संपानंतर या खोऱ्यांतील खाणी एकामागून एक बंद पडल्या. ऱ्होंडा खोऱ्यातील अखेरची खोल खाण १९९० साली थांबली. रोजगार गेला, तसा अनेक पिढ्यांचा अभिमानविषयही गेला. अशा काळात ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ आणि ‘स्टिरिओफॉनिक्स’ या दक्षिण वेल्समधील बँडनी ब्रिटनभर नाव मिळविले. आपल्या लहान गावातील मुले जगाच्या रंगमंचावर उभी राहू शकतात, ही भावना त्यामुळे रुजली. ‘लॉस्टप्रॉफेट्स’कडे स्थानिक लोक ज्या आत्मीयतेने पाहत होते, तिचे मूळ या परिस्थितीत आहे.

यशाचा आलेख

हा बँड १९९७ साली पाँटिप्रिद येथे स्थापन झाला. त्याचा पहिला अल्बम २००० साली एका लहान ब्रिटिश कंपनीने प्रकाशित केला आणि पुढच्याच वर्षी तो कोलंबिया या मोठ्या कंपनीमार्फत पुन्हा बाजारात आला. २००४ मधील ‘स्टार्ट समथिंग’ या दुसऱ्या अल्बममुळे बँडला अमेरिकेतही श्रोतृवर्ग लाभला. त्यातील ‘लास्ट ट्रेन होम’ हे गीत बिलबोर्ड नियतकालिकाच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. २००६ साली ‘लिबरेशन ट्रान्समिशन’ हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत अग्रस्थानी आला. २०१० आणि २०१२ साली आणखी दोन अल्बम प्रसिद्ध झाले. पंधरा वर्षांत पाच अल्बम आणि लक्षावधी प्रतींची विक्री ही कोणत्याही बँडला भूषणावह वाटावी अशी कामगिरी होती.

या यशाइतकीच वॉटकिन्सची सार्वजनिक प्रतिमाही महत्त्वाची होती. मद्य व अमली पदार्थांपासून दूर राहणारा तरुण, अशी त्याची कारकिर्दीच्या आरंभीची ख्याती होती. रॉक संगीताविषयी पालकांच्या मनात जी धास्ती असते, ती या प्रतिमेने निवविली. बँडचे चाहते प्रामुख्याने किशोरवयीन होते, हे लक्षात घेता या प्रतिमेचे मोल केवळ व्यावसायिक नव्हते. ती विश्वासाचे अभयपत्रच ठरली.

अटक आणि खटला

सप्टेंबर २०१२ मध्ये पोलिसांनी पाँटिप्रिद येथील त्याच्या घराची झडती घेतली. ही झडती बाल-अत्याचारासंबंधी नव्हती, तर अमली पदार्थांच्या संशयावरून होती. तीत संगणक, दूरध्वनी व माहितीसाठ्याची साधने जप्त झाली. त्यांपैकी कुलूपबंद असलेला एक संगणक उघडण्यासाठी ‘जीसीएचक्यू’ या ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेची मदत घ्यावी लागली. त्यातून जे पुरावे पुढे आले, त्यांच्या आधारे १९ डिसेंबर २०१२ रोजी त्याच्यावर आरोप ठेवण्यात आले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कार्डिफ येथील न्यायालयात खटला उभा राहत असतानाच त्याने १३ गुन्ह्यांची कबुली दिली. १८ डिसेंबर २०१३ रोजी त्याला २९ वर्षांचा कारावास आणि त्यानंतर ६ वर्षे कायदेशीर देखरेख अशी शिक्षा सुनावण्यात आली. त्याच्याबरोबर दोन स्त्रियांना १४ व १७ वर्षांची शिक्षा झाली. या दोघी अत्याचारित बालकांच्या माता होत्या. बालकांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांची नावे कायद्याने गोपनीय ठेवली आहेत. चाहत्याची भक्ती कोणत्या थरास जाऊ शकते, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण.

दुर्लक्षित तक्रारी

येथवरचा वृत्तांत ‘पोलिसांनी पकडले, न्यायालयाने शिक्षा केली’ असा सरळ दिसतो. परंतु ब्रिटनमधील स्वतंत्र पोलीस तक्रार आयोगाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने निराळे चित्र समोर ठेवले. २००८ ते २०१२ या काळात दक्षिण वेल्स पोलिसांकडे सहा व्यक्तींकडून वॉटकिन्सविषयी आठ तक्रारी आणि तीन गुप्तवार्ता नोंदी आल्या होत्या. या गंभीर तक्रारींची प्राथमिक स्वरूपाची छाननीही झाली नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

तक्रार करणाऱ्यांत वॉटकिन्सची एक माजी मैत्रीण प्रमुख होती. तिने वारंवार यंत्रणेचे दार ठोठावले. आपल्या भ्रमणध्वनीमध्ये त्याचा हेतू दर्शविणारा संदेश असल्याचे तिने सांगितले होते. तो भ्रमणध्वनी तपासला गेला नाही. दुरावलेल्या प्रेयसीचा राग म्हणूनच तिच्या बोलण्याकडे पाहिले गेले. पुढे आक्षेपार्ह प्रतिमा बाळगल्याच्या आरोपावरून तिच्यावरच खटला चालला. वॉटकिन्सविरुद्ध पुरावा मिळविण्यासाठीच आपण हे केले, असा तिचा बचाव होता. २०१५ साली ती निर्दोष सुटली.

या विलंबाची किंमत कोणी मोजली, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. वॉटकिन्सने कबूल केलेल्या अत्यंत गंभीर गुन्ह्यांपैकी काही २०१२ सालचे होते. म्हणजे पहिल्या तक्रारीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने घडलेले. तक्रारींची वेळीच चौकशी झाली असती, तर ही बालके वाचण्याची शक्यता होती. चार वर्षांच्या तक्रारींनी जे साधले नाही, ते अखेर अमली पदार्थांच्या एका झडतीने साधले.

प्रसिद्धीचे दुहेरी कार्य

या प्रकरणात प्रसिद्धीने दोन प्रकारे काम केले. पहिले म्हणजे तिने गुन्हेगाराला सान्निध्य मिळवून दिले. अनोळखी माणसाला ज्या घराची कडी कोणी उघडणार नाही, तेथे नामांकित गायकाचे स्वागत होते. दुसरे कार्य अधिक सूक्ष्म आहे. प्रसिद्ध माणसावर आरोप करणाऱ्याचा हेतू आपोआप संशयास्पद ठरतो. त्याला पैसा हवा असेल, नाव हवे असेल, सूड उगवायचा असेल, अशी उत्तरे ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार असतात. परिणामी ‘आरोप खरा आहे काय’ या प्रश्नाची जागा ‘आरोप करणारा कोण आहे’ हा प्रश्न घेतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यातून मिळते, दुसऱ्याचे पूर्वग्रहातून.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रसिद्ध व्यक्तींवर खोटे आरोपही होतात, तेव्हा प्रत्येक तक्रार खरी मानावी काय? हा आक्षेप रास्त आहे. परंतु प्रस्तुत प्रकरणात तो लागू पडत नाही. तक्रार खरी मानणे आणि तक्रार तपासणे या दोन भिन्न क्रिया आहेत. तक्रारदार स्त्रीवर विश्वास ठेवावा, अशी कोणाची अपेक्षा नव्हती; तिने पुढे केलेला भ्रमणध्वनी उघडून पाहणे एवढेच अपेक्षित होते. निर्दोष व्यक्तीचेही खरे संरक्षण अशा तपासणीतच असते, दुर्लक्षात नव्हे.

परिणाम

१ ऑक्टोबर २०१३ रोजी, म्हणजे वॉटकिन्सच्या कबुलीपूर्वीच, बँडच्या उर्वरित सदस्यांनी विसर्जनाची घोषणा केली होती. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. तरीही पंधरा वर्षांचे सामुदायिक कर्तृत्व एका रात्रीत अनुच्चारणीय ठरले. त्यांपैकी काहींनी पुढे अमेरिकन गायक जेफ रिकली याच्यासह ‘नो डिव्होशन’ हा नवा बँड उभारला. ‘एचएमव्ही’ या विक्रेत्याने जुने अल्बम दुकानांतून काढून टाकले. पाँटिप्रिदच्या फरसबंदीवर बँडच्या गीतांतील शब्द कोरलेले होते. ते दगडही उखडण्यात आले. ज्या गावाने अभिमानाने ती अक्षरे पायाखाली मांडली होती, त्यालाच ती दृष्टीआड करावी लागली.

वॉटकिन्सची रवानगी अखेर इंग्लंडमधील वेकफील्ड तुरुंगात झाली. २०२३ साली तेथे सहकैद्यांनी त्याच्यावर हल्ला केला. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच तुरुंगात झालेल्या धारदार शस्त्राच्या हल्ल्यात, वयाच्या ४८ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. या मृत्यूकडे काव्यात्म न्याय म्हणून पाहण्याचा मोह टाळावयास हवा. न्यायालयाने त्याला कारावासाची शिक्षा दिली होती, मृत्युदंडाची नव्हे. शिवाय अशा शेवटाने ‘राक्षस नष्ट झाला’ असे समाधान समाजाला मिळते आणि यंत्रणेच्या अपयशाचा प्रश्न पुन्हा एकदा बाजूस पडतो.

समारोप

वॉटकिन्सचा उदय त्याच्या कलेमुळे, बाजारपेठेमुळे आणि एका जखमी प्रदेशाच्या अभिमानामुळे झाला. त्याचे पतन मात्र सर्वस्वी त्याच्या कृत्यांमुळे झाले. त्याची जबाबदारी प्रसिद्धीवर वा रॉक संगीतावर टाकता येत नाही. समाजाच्या वाट्याला येणारी जबाबदारी वेगळी आहे. ती उदय आणि पतन यांमधील चार वर्षांची आहे. ज्या ज्या संस्थेत काही व्यक्तींना मान व अधिकार असतो आणि काहींना केवळ तक्रार करण्याची मुभा असते, त्या प्रत्येक संस्थेला, मग ते पोलीस ठाणे असो, कलासंस्था असो वा महाविद्यालय, हा प्रश्न लागू आहे. तक्रारदार व्यक्ती आदर्श असेलच असे नाही. ती चिडलेली, विसंगत बोलणारी, स्वतःच दोषास्पद असू शकते. तिच्या म्हणण्याचे मोल तिच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर पुराव्याच्या तपासणीवरून ठरावे, एवढाच या प्रकरणाचा बोध आहे. तो साधा आहे; पण तो न पाळल्याची किंमत ज्यांना स्वतःसाठी बोलताही येत नव्हते, त्यांनी मोजली.