लहान बर्फ, जलद डोकं

आइस हॉकीचं मैदान उत्तर अमेरिकेत सुमारे 200 फूट लांब असतं, पण पक या रबरी चकतीसाठीची खरी झटापट बहुतेकदा चार हात जागेतच होते. पक हिसकावला गेला की बचाव करणारे क्षणात आक्रमक होतात आणि आक्रमकांना माघारी वळावं लागतं. हा पालट शिकवायचा तर सरावाची जागा लहान करावी. मैदानाच्या एका टोकाला, निळ्या रेषेच्या आत दोन गोल समोरासमोर ठेवून तीन विरुद्ध तीन खेळाडू उतरवायचे. नियम एकच: पक जिंकल्यावर आधी निळ्या रेषेवर उभ्या साथीदाराला पास, मगच गोलवर हल्ला. पाऊण मिनिटात शिट्टी आणि नवी तुकडी. पास द्यायचाच असल्याने मान वर करून पाहावं लागतं. पक गमावणाऱ्यालाही लगेच परतावं लागतं.

यात लांब पास आणि ऑफसाइडचा सराव होत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी पूर्ण मैदान हवंच. पण तिथे खेळाडूचा बराच वेळ पकपासून दूर जातो. इथे दर काही सेकंदांनी निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकी हॉकी संघटनेच्या 2009च्या विकास आराखड्यानेही आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आडव्या, आखूड मैदानाचा आग्रह धरला. गोंधळाची भीती असेल तर नियम कमी आणि स्पष्ट ठेवावेत. हा सराव पूर्ण मैदानाची जागा घेत नाही. मात्र या सरावाविना पूर्ण मैदानावरची तयारी अपुरीच राहते.